हाडात काय उरतं?



आजची सुरुवात एका कबुलीनं करायची आहे. गेल्या महिन्यात शाळेतल्या मुलांसाठीच्या कार्यक्रमात आम्ही बोलता बोलता सांगून टाकलं, की अमेरिकेत डायनासोरच्या हाडात रक्त सापडलं. कार्यक्रम संपला, आम्ही माईक बंद केला, चहाचं आधण ठेवलं आणि फोन वाजला. पलीकडे एक मावशी होत्या. घरी पंचवीस-तीस कोंबड्या पाळतात, अंडी बाजारात देतात. त्या म्हणाल्या, "ताई, मेलेली कोंबडी दोन दिवस उन्हात राहिली तर जवळ जाववत नाही. आणि तुमच्या त्या जनावराचं रक्त सहा कोटी वर्षं राहिलं होय?"

आम्ही गप्प. कारण उत्तर आमच्याकडे नव्हतं. कुठंतरी वाचलं होतं, ते पुढं ढकललं होतं, एवढंच. मग तीन आठवडे आम्ही चौघी या एकाच गोष्टीच्या मागे लागलो. मिळेल ते वाचलं, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून समजून घेतलं, आणि एक प्रयोग आमच्या रेडिओच्या खोलीतच केला. आजचं बोलणं म्हणजे त्या मावशींना उशिरानं दिलेलं उत्तर.

आधी प्रयोगच सांगतो, कारण तो तुम्हालाही घरी करता येईल. कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं घेतली, स्वच्छ धुतली. एक हाड बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं आणि दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदललं. दुसरं चुलीच्या निखाऱ्यात टाकलं. निखाऱ्यातलं हाड पांढरंफटक होऊन निघालं. आकार तोच, पण चिमटीत धरलं तर भुगा. आणि बरणीतलं हाड आठ-दहा दिवसांनी बाहेर काढलं, तर ते वाकलं! मोडलं नाही, वाकलं. ओल्या काकडीच्या सालीसारखं लवलं आणि सोडल्यावर परत सरळ झालं. आमच्यातल्या एकीनं तर "शी!" म्हणून हात झटकला.

आता यात झालं काय? आपल्याकडच्या कुडाच्या भिंती आठवा. आत काटक्यांचा ताटवा आणि त्यावर शेणमातीचा गिलावा. हाड असंच असतं. आतला ताटवा प्रथिनाचा, त्याचं नाव कोलॅजेन. त्यावरचा गिलावा चुनखडीसारख्या खनिजाचा, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरसचा. व्हिनेगरच्या आम्लानं गिलावा धुऊन नेला, ताटवा उरला, म्हणून हाड लवचिक झालं. आगीनं ताटवा जाळला, नुसता गिलावा उरला, म्हणून भुगा झाला. पायाचा रस्सा रात्रभर ठेवला की सकाळी खळीसारखा थिजतो ना? तो थिजवणारा पदार्थ म्हणजे हाच ताटवा, शिजून सुटा झालेला.

हा ताटवा विणलेलाही मोठा छान असतो. कोलॅजेनचे तीन धागे एकमेकांत पिळलेले असतात. थेट आपली तीन पेडांची वेणी. प्रत्येक पेड म्हणजे मण्यांची माळ. त्या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात आणि ते साधारण वीस प्रकारचे असतात. कोणत्या मण्यापुढे कोणता मणी, हा क्रम प्रत्येक प्राण्याचा थोडा थोडा वेगळा. गाईचा आणि म्हशीचा जवळजवळ सारखा, गाईचा आणि कोंबडीचा बराच वेगळा. जितकं नातं जवळचं, तितकी माळ सारखी. म्हणून एखाद्या जुन्या हाडात ही माळ क्रमासह मिळाली, तर ते जनावर कोणत्या कुळातलं हे कळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण जनावर मेल्यावर माळा टिकत नाहीत. जंतू त्या खातात. जंतूंच्या तावडीतून सुटल्या तर ओल त्यांना तोडते आणि उष्णता तर भरभर तोडते. हाड गाळात गाडलं गेलं, तर जमिनीतल्या पाण्यातली खनिजं हाडाच्या छिद्राछिद्रांत जाऊन बसतात आणि लाखो वर्षांनी हाताला लागतो तो दगडासारखा जड जीवाश्म. पुस्तकांत पिढ्यान् पिढ्या हेच शिकवलं गेलं, की आकार उरतो, मूळचं काही उरत नाही.

याला पहिला धक्का १९५४ साली बसला. फिलिप एबलसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं फार जुन्या शिंपल्यांत आणि हाडांत अमिनो आम्लं दाखवली. म्हणजे मणी होते. पण सुटे मणी. माळ कधीच तुटलेली. घरंगळलेल्या मण्यांवरून मंगळसूत्र कोणाचं, हे सांगता येत नाही. त्यामुळे ही गोष्ट बरीच वर्षं मोजक्या लोकांतच राहिली.

आता इथून आमची आवडती गोष्ट सुरू होते.

अमेरिकेच्या उत्तरेला माँटाना नावाचं राज्य आहे. मोठमोठी कुरणं, गुरं, वारा. १९८८ साली तिथे कॅथी वँकेल नावाची गुरं पाळणाऱ्या घरातली बाई कुटुंबाबरोबर सुट्टीला एका मोठ्या धरणाच्या काठी गेली होती. तिथे तिला जमिनीतून डोकावणारं हाड दिसलं. ते निघालं टायरॅनोसॉरस रेक्स या मांसखाऊ डायनासोरचं. त्याला थोडक्यात टी. रेक्स म्हणतात. बोझमन गावातल्या म्युझियम ऑफ द रॉकीज या संग्रहालयाच्या लोकांनी पुढे तो सगळा सांगाडा खणून काढला. त्यांचे प्रमुख जॅक हॉर्नर. या गृहस्थांनी कॉलेजची पदवी कधी पुरी केली नव्हती, पण डायनासोरच्या अभ्यासात त्यांचं नाव मोठं.

त्याच सुमारास त्याच गावातल्या विद्यापीठात तीन मुलांची एक आई पुन्हा शिकायला आली. मेरी श्वाइट्झर. पहिलं शिक्षण वेगळ्याच विषयाचं, मग लग्न, मुलं. आता तिला शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी हवी होती, म्हणून शिक्षिकेचा अभ्यासक्रम. त्यात हॉर्नर यांचं डायनासोरवरचं शिकवणं कानावर पडलं आणि बाई तिथेच अडकल्या. आधी प्रयोगशाळेत फुकट काम, मग रीतसर अभ्यास, आणि १९९५ साली डॉक्टरेट. मुलांच्या शाळा, डबे, आजारपणं सांभाळून पुन्हा वही उघडणाऱ्या बायका आपल्याही गटांत आहेत. त्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९९१ च्या आसपास मेरीबाई त्या वँकेल यांच्या टी. रेक्सच्या हाडाचे पातळ काप काचेवर चिकटवत होत्या. काप काही केल्या चिकटेनात. म्हणून त्यांनी विद्यापीठातल्या गेल कॅलिस या बाईंची मदत घेतली. कॅलिसबाई त्या काचा घेऊन जनावरांच्या डॉक्टरांच्या एका परिषदेला गेल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली मांडून ठेवल्या. एका डॉक्टरानं डोळा लावला आणि म्हणाला, की या हाडात रक्तपेशी दिसताहेत, तुम्हाला माहीत आहे का?

त्याला ते हाड कोणाचं हे ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर कदाचित तो बोललाच नसता.

मेरीबाईंनी बघितलं. हाडातल्या रक्तवाहिनीच्या जागी लाल, गोल ठिपके. मध्ये गडद टिकली. पक्ष्यांच्या रक्तपेशी अशाच दिसतात. अंगावर काटा आला, असं त्यांनी पुढे सांगितलं. पण असं काही टिकत नाही हे तर सगळ्यांना माहीत! त्या हॉर्नर यांच्याकडे गेल्या. हॉर्नर यांनी बघितलं आणि उलटंच काम दिलं. या रक्तपेशी आहेत हे सिद्ध करू नका, त्या रक्तपेशी नाहीत हे सिद्ध करून दाखवा.

आम्हाला या गोष्टीतला हा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. आपल्याला हवं ते दिसतं. म्हणून आपलंच म्हणणं खोटं पाडायला बसायचं, आणि सगळे वार करूनही ते पडलं नाही, तर थोडा विश्वास ठेवायचा. मेरीबाई बसल्या. रक्ताला लाल रंग देणारा, लोह धरून ठेवणारा जो पदार्थ असतो, त्याच्या खुणा एकामागून एक पद्धतीनं शोधल्या. हाडाचा अर्क उंदरांना टोचला, तेव्हा उंदरांच्या शरीरानं रक्तातल्या हिमोग्लोबिनला ओळखणारी प्रतिपिंडं तयार केली. १९९७ साली हे छापून आलं. त्यात "रक्त सापडलं" असं वाक्य नव्हतं. लाल पदार्थाचे अवशेष असावेत, एवढंच होतं. म्हणजे मावशी, चूक आमचीच. त्यांनी जपून लिहिलं होतं, आम्ही सैल बोललो.

पुढची गोष्ट २००० सालातली. संग्रहालयाचे बॉब हार्मन माँटानाच्या ओसाड कड्याखाली दुपारची भाकरी खायला बसले होते. भाकरी आपली, त्यांचा काय असेल तो पाव. वर बघितलं तर कड्यातून हाड डोकावतंय. आणखी एक टी. रेक्स, ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. हार्मन यांच्या नावावरून त्याला "बी. रेक्स" म्हणू लागले. काढायला तीन उन्हाळे गेले. जागा अशी अडचणीची, की गाडी जात नाही. प्लॅस्टरमध्ये गुंडाळलेला तो गठ्ठा हेलिकॉप्टरला उचलेना, म्हणून मांडीच्या हाडाचे दोन तुकडे करावे लागले. तोडताना जे बारके तुकडे पडले, ते डब्यात घालून मेरीबाईंना पाठवले. तोपर्यंत त्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या विद्यापीठात शिकवायला गेल्या होत्या. हाड मोडलं हे नुकसानच, पण न मोडतं तर आतलं कोणी बघितलंच नसतं.

मेरीबाईंनी तुकडा हातात घेतला आणि पहिली गोष्ट दिसली ती अशी, की हाडाच्या पोकळीला आतून एक वेगळाच, जाळीदार थर आहे. कोंबड्या पाळणाऱ्या बायांनो, कान द्या. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या मांडीच्या हाडात असाच थर बनतो. एका अंड्याच्या कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. एवढं रोजच्या दाण्यातून ऐन वेळी कुठून येणार? म्हणून कोंबडी आधीच हाडाच्या आत साठा करून ठेवते आणि कवच बनताना तो काढते. हंगाम संपला की थर जातो. म्हणून तर आपण शिंपल्याचा चुरा घालतो आणि नाही घातला तर अंडी मऊ कवचाची येतात. हा थर कोंबड्यात बनत नाही, फक्त मादीत, आणि तेही अंडी घालायच्या दिवसांत. म्हणजे बी. रेक्स मादी होती, अंड्यावर आलेली.

हे पटवायला आताच्या मोठ्या पक्ष्याचं हाड हवं. मेरीबाई शहामृग पाळणाऱ्या शेतकऱ्यांना विचारत राहिल्या, की अंड्यावर असलेली मादी मेली तर कळवा. काही महिन्यांनी एकाचा फोन आला, की ती शहामृगीण अजून हवी आहे का? ती मरून काही दिवस झाले होते आणि उन्हाळ्यात एका खोदाई यंत्राच्या बादलीत पडून होती. मेरीबाई आणि त्यांचे दोन सहकारी जाऊन त्या घाणीतून एक पाय कापून घेऊन आले. मोठ्या शोधांच्या बातम्यांत हा वास येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्या थराची वीण नीट दिसावी म्हणून मेरीबाईंच्या मदतनीस जेनिफर विटमायर यांनी हाडाचा तुकडा सौम्य आम्लात ठेवला. म्हणजे आमच्या बरणीतलाच प्रयोग. फरक एवढाच, की हे हाड जीवाश्म. आम्लानं गिलावा धुऊन गेल्यावर काहीच उरायला नको होतं. ताटवा तर सहा कोटी वर्षांपूर्वीच गेलेला असणार. पण काहीतरी उरलं. तपकिरी, लवचिक. चिमट्यानं ओढलं तर ताणलं जाई, सोडलं तर परत आपल्या जागी. दुसऱ्या तुकड्यांतून फांद्या फुटलेल्या, पारदर्शक नळ्या निघाल्या, रक्तवाहिन्यांसारख्या. आणि त्यांच्या आत तेच लाल ठिपके. त्यांना खरं वाटेना, म्हणून परत परत करून पाहिलं. २००५ साली हे "सायन्स" या मासिकात छापून आलं आणि जगभर गाजलं.

मग २००७ साली त्याहून मोठा दावा आला. हार्वर्डशी जोडलेल्या जॉन असारा यांनी त्या हाडाचा अर्क मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रात घातला. हे यंत्र म्हणजे सोनाराच्या काट्याचा काटा. प्रथिनाच्या अतिसूक्ष्म तुकड्यांचं वजन ते करतं आणि वजनावरून मण्यांचा क्रम ओळखता येतो. त्यांना कोलॅजेनच्या माळेचे अवघे सहा-सात तुकडे मिळाले. ते सगळ्यात जास्त कोणाशी जुळले? कोंबडीशी. पक्षी हे डायनासोरांच्या कुळातले, हे हाडांच्या आकारावरून आधीच सांगितलं जात होतं. आता माळही तेच म्हणत होती, असा त्यांचा दावा.

आणि इथे भांडण पेटलं. खरं तर भांडण व्हायलाच हवं होतं.

२००८ साली थॉमस के आणि त्यांच्या साथीदारांनी म्हटलं, की या नळ्या रक्तवाहिन्या नव्हेत. माठ आठ दिवस घासला नाही की आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसा जंतूंचा थर हाडाच्या पोकळ्यांत धरला आणि त्याला पोकळीचा आकार आला. लाल ठिपके म्हणजे लोहखनिजाचे बारीक गोळे. आकडेशास्त्र जाणणारे पावेल पेव्झनर म्हणाले, की यंत्रानं हजारो वजनं केल्यावर त्यातली पाच-सात योगायोगानं कशाशीही जुळतील. आधी सगळी मापं उघड करा. ती उघड केली गेली. मग इतरांनी तपासली. कोणी म्हणालं बरोबर, कोणी म्हणालं चूक.

मेरीबाईंनी उत्तर म्हणून दुसरं जनावर घेतलं. बदकाच्या चोचीसारखं तोंड असलेला एक शाकाहारी डायनासोर, ८ कोटी वर्षांपूर्वीचा, माँटानातलाच. हाड भोवतीच्या दगडासकट उचललं, उघड्यावर ठेवलं नाही, थेट प्रयोगशाळेत उघडलं आणि तुकडे इतर प्रयोगशाळांनाही तपासायला दिले. २००९ साली छापून आलं, की यातही कोलॅजेन आहे.

पण टिकलं कसं, हा मावशींचा प्रश्न राहतोच. त्यावर मेरीबाईंचं म्हणणं असं, की रक्तातलं लोह. जनावर मेलं की रक्तपेशी फुटतात आणि मोकळं झालेलं लोह आसपासच्या ऊतींना जणू चामडं कमावल्यासारखं कमावतं. मग जंतूंना ते खाता येत नाही. त्यांनी करून पाहिलं. शहामृगाच्या रक्तवाहिन्या नुसत्या पाण्यात ठेवल्या, त्या तीनेक दिवसांत सडायला लागल्या. तशाच दुसऱ्या फोडलेल्या रक्तपेशींच्या पाण्यात ठेवल्या, त्या दोन वर्षं साध्या खोलीत तशाच राहिल्या. दोन वर्षं म्हणजे सहा कोटी नव्हेत, हे खरंच. पण तीन दिवसांवरून दोन वर्षं हाही काही लहान पल्ला नाही.

सगळ्यात झोंबरा वार २०१७ साली आला. इंग्लंडमधले मायकेल बकली म्हणाले, की डायनासोरच्या म्हणून सांगितलेल्या माळेचे तुकडे शहामृगाच्या कोलॅजेनशी जुळतात. आणि या प्रयोगशाळांत शहामृगाच्या हाडांवरही काम झालेलं आहे. भेसळ झाली नाही कशावरून? बघा, ज्या शहामृगिणीनं एका ठिकाणी पुरावा दिला, तिच्याच जातीनं दुसऱ्या ठिकाणी संशय आणला. त्याच वर्षी मेरीबाईंच्या गटानं त्या शाकाहारी डायनासोरची तपासणी नव्यानं, अधिक सोवळं पाळून केल्याचं छापलं आणि पुन्हा तुकडे मिळाले म्हणून सांगितलं. मग २०१९ साली दुसऱ्या गटाला एका शिंगवाल्या डायनासोरच्या हाडात मूळ प्रथिनाऐवजी आजचे जिवंत जंतू सापडले. अगदी २०२५ च्या जानेवारीत लिव्हरपूलच्या गटानं आणखी एका डायनासोरच्या हाडात कोलॅजेनमधला एक खास मणी मिळाल्याचं जाहीर केलं. असं अजून चाललंय.

काही लोकांनी या मऊ ऊतींचा उलटाच वापर केला. हे टिकलं, म्हणजे पृथ्वी काही हजार वर्षांचीच, असं सांगू लागले. मेरीबाई स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत, पण त्यांनी याला साफ नकार दिला. खडकाचं वय खडकातून मोजतात, हाडाच्या मऊपणावरून नाही.

आमचं मत विचाराल, तर वाचून असं वाटलं: त्या हाडांत मूळचं काहीतरी आहे, एवढं मानायला जागा आहे. पण माळ, क्रमासह, डायनासोरचीच, हे अजून निर्विवाद नाही. पुढच्या वेळी रेडिओवर आम्ही एवढंच बोलू.

निर्विवाद गोष्टी मात्र दुसरीकडे आहेत आणि त्यांची बातमी कमी झाली. टांझानियात लाएटोली नावाची जागा आहे, भाजून काढणारी उष्ण. तिथल्या शहामृगाच्या ३८ लाख वर्षांपूर्वीच्या अंड्याच्या कवचात बियाट्रिचे देमार्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रथिनाच्या माळेचे तुकडे मिळाले. २०१६ ची गोष्ट. कवचाच्या खनिजाला ते तुकडे असे घट्ट चिकटून बसले होते, की उन्हाचंही काही चाललं नाही. दातांचंही तसंच. दाताचं वरचं चकचकीत आवरण हे शरीरातलं सगळ्यात टणक. दक्षिण चीनच्या एका गुहेतल्या १९ लाख वर्षांपूर्वीच्या दाढेतून २०१९ साली कळलं, की तिथं राहणारं अवाढव्य वानर हे ओरांगउटानचं भाऊबंद. त्या वानराचे दात आणि जबडे सोडून दुसरं काही सापडलेलंच नाही. आणि २०२५ साली कॅनडाच्या अतिथंड बेटावरच्या एका गेंड्याच्या दातातून २ कोटी १० लाख वर्षांहून जुनी प्रथिनं वाचली गेली. तिथून डायनासोरांपर्यंत अजून साडेचार कोटी वर्षांची दरी आहे.

एक मुलीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सैबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत हाडांचे हजारो चुरे निघाले होते. कोणत्या जनावराचे ते बघून कळत नव्हतं. ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या समॅन्था ब्राउन या मुलीनं एकेक चुरा घेऊन कोलॅजेनची चाचणी लावली. दोन हजारांहून जास्त तुकडे. तांदूळ निवडण्यासारखं काम, फक्त महिनोन् महिने. त्यात एक जेमतेम इंचभर तुकडा माणसाच्या कुळातला निघाला. मग त्याच्या डीएनएवरून २०१८ साली कळलं, की ती तेरा वर्षांच्या आसपासची मुलगी, सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीची. आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हन. दोन वेगळ्या जमातींतलं लेकरू. कोलॅजेननं बोट दाखवलं नसतं, तर तो तुकडा अजून पिशवीतच असता.

आपल्या मुलखाचाही या जुन्या काळाशी संबंध आहे, मात्र प्रथिनातून नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिजदुरा गाव आहे. शास्त्रज्ञांच्या लेखांत ते पिसदुरा असतं. तिथे डायनासोरांची दगड झालेली विष्ठा सापडते. २००५ सालीच, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्यात गवताच्या पेशींतले वाळूचे बारीक कण दाखवले. त्यातले काही तर भाताच्या कुळातल्या गवताचे. भाताची पात हाताला कापते, ती याच कणांनी. डायनासोरांच्या काळी असं गवत होतं, हे तोवर कोणाला माहीत नव्हतं. प्रथिनं गेली, पण वाळू राहिली.

हे सगळं बोलायच्या आधी आम्ही त्या मावशींना फोन लावला. सगळं सांगितलं. कोंबडीच्या हाडातल्या थराचं सांगितलं, तेव्हा त्या मध्येच म्हणाल्या, "मग अंडी घातली का तिनं?"

आम्ही म्हटलं, मावशी, बी. रेक्सजवळ अंडी सापडली नाहीत. काही शास्त्रज्ञ म्हणतात, की असा थर आजारानंही होऊ शकतो. मेरीबाईंनी २०१६ साली रासायनिक चाचणी करून तो अंड्यांसाठीचाच असल्याचं पुन्हा सांगितलं. तसं असेल, तर साठा हाडातच होता आणि ती मेली.

पलीकडे जरा वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

"म्हणजे राहिलंच म्हणा तिचं," मावशी म्हणाल्या. "बरं, ठेवते. दाणे टाकायचेत."